बॅटरी मोजताना : प्रस्तावना

मोबाइलच्या खोक्यावर ‘५००० एमएएच’ हा आकडा ठळक छापलेला असतो आणि दुकानदार काउंटरवर तोच पुन्हा ठासून सांगतो. आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. पाच हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे अर्धा अँपिअर प्रवाह ओढला तर दहा तास पुरेल, एक अँपिअर ओढला तर पाच तास. तो प्रवाह कोण ओढणार, किती वेळा, कशासाठी आणि किती तापमानात, याविषयी खोकं काही बोलत नाही. त्यातून हा आकडा ऊर्जेचासुद्धा नव्हे. त्याला सेलच्या सरासरी व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.८५ने गुणलं की सव्वाएकोणीस वॉट-तास हाती येतात. नऊ वॉटचा एलईडी दिवा दोन तास जळेल, इतकीच ही ऊर्जा. सकाळच्या गजरापासून रात्रीच्या शेवटच्या रीलपर्यंत सगळं तेवढ्यात भागवायचं असतं. मनगटावरच्या स्मार्टवॉचची गत आणखी बिकट. तीनशे एमएएचचा सेल म्हणजे जेमतेम एक वॉट-तास.

याच आकड्यांची दुसरी बाजूही सुरुवातीलाच पाहून ठेवावी. असा फोन रोज पूर्ण रिकामा करून रोज भरला, तरी वर्षभरात त्यात सात युनिट वीज साठते; चार्जरमध्ये वाया जाणारी धरून आठ-दहा युनिट. घरच्या वीजबिलात ती शोधूनही सापडणार नाही. तेव्हा बॅटरी वाचवण्याचा विजेच्या पैशांशी फारसा संबंध नाही. खरे प्रश्न दोन आहेत. आज रात्री घरी पोचेपर्यंत फोन चालू राहील का, आणि तीन वर्षांनी हीच बॅटरी कामाची उरेल का.

हे पुस्तक या दोन प्रश्नांचं आहे. दोन्हींची उत्तरं अंदाजाने नव्हे, मोजून द्यावी लागतात, हा त्याचा आग्रह. गंमत अशी की हे दोन प्रश्न एकमेकांचे वैरी आहेत. सेल ४.२ व्होल्टऐवजी ४.४५ व्होल्टपर्यंत भरला तर आजचा दिवस लांबतो, पण सेल लवकर म्हातारा होतो. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तर सेलची वर्षं वाढतात, पण संध्याकाळी सातलाच पॉवर बँक शोधावी लागते. जाहिरातीत फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं. दुसऱ्याचं उत्तर दीड-दोन वर्षांनी, फोन दुपारीच मान टाकू लागला की मिळतं. कुठलीही सुधारणा दाखवली की ती या दोहोंपैकी कुठल्या खात्यात जमा झाली आणि कुठल्या खात्यातून वजा झाली, हे विचारायची सवय वाचकाला लागली, तर पुढची प्रकरणं सोपी जातील.

लिथियम-आयन सेलचा इतिहास इथे थोडक्यात आवरतो. १९७०च्या दशकात, तेलसंकटाच्या काळात, एक्सॉन या तेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमचे आयन थरांमध्ये शिरवून पुन्हा बाहेर काढता येतात हे वापरून बॅटरी बनवली. १९८०मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी धन बाजूसाठी कोबाल्ट ऑक्साइड सुचवलं आणि व्होल्टेज चारपर्यंत गेलं. १९८५मध्ये जपानच्या आसाही कासेईत अकिरा योशिनो यांनी ऋण बाजूचा धोकादायक लिथियम धातू काढून तिथे कार्बन बसवला. १९९१मध्ये सोनीने हे सेल बाजारात आणले. तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९मध्ये. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते, म्हणजे आजवरचे सर्वांत वयस्क नोबेल मानकरी. सोनीच्या पहिल्या सेलमध्ये किलोमागे ८० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावत असे, आज फोनमधल्या सेलमध्ये अडीचशेच्या वर मावते. तीन दशकांत तिप्पट. त्याच काळात प्रोसेसर किती पटींनी वेगवान झाले ते सांगायला नको. रसायन सावकाश चालतं, त्याला घाई करता येत नाही. म्हणून फोन दिवसभर टिकवण्याचा मोठा भार काटकसरीवर येऊन पडला. ही काटकसर सर्किट बनवणाऱ्याने, अॅप लिहिणाऱ्याने आणि शेवटी वापरणाऱ्याने करायची असते.

पण काटकसर करायची तर शिल्लक कळायला हवी, आणि घोडं इथेच अडतं. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे टक्के कुणी पाहून लिहिलेले नसतात, ते अनुमान असतं. तोंड बंद असलेल्या रांजणात पाणी किती उरलं हे सांगायचं, तर किती तांबे ओतले आणि किती काढले याचा हिशेब ठेवावा लागेल. फोनमधली छोटी चिप हेच करते. एका अतिशय लहान रोधातून सगळा प्रवाह जातो, त्या रोधावरचं व्होल्टेज मोजून चिप आत-बाहेर गेलेला विद्युतभार मोजत राहते. मोजणीत तांब्यागणिक थोडी चूक होते, चुका साठत जातात, रांजण थोडासा झिरपतही असतो. वर तो वर्षागणिक आतून लहान होत जातो आणि हिशेबाची वही मात्र जुन्याच मापाने चालू राहते. म्हणून चिप अधूनमधून, फोन निवांत असताना, सेलचं व्होल्टेज पाहून आपला हिशेब सुधारून घेते. सत्तावन्न टक्क्यांवरून एकदम एकावन्नवर उडी बसते ती अशा वेळी.

वीस टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडतो, यामागचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक सेलला अंतर्गत रोध असतो. सेल जुना झाला किंवा थंडी पडली की तो वाढतो. कॅमेरा उघडताना, खेळात एखादा स्फोट दाखवताना प्रोसेसर क्षणभर भरपूर प्रवाह मागतो. त्या क्षणी रोधामुळे व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. भार शिल्लक असतो, पण त्या घाईने तो देता येत नाही. आयफोन ६ आणि ६एसच्या काळात अॅपलसमोर नेमकी हीच अडचण आली. २०१७च्या जानेवारीतल्या एका अपडेटने जुन्या बॅटरीच्या फोनमध्ये प्रोसेसरची कमाल गती गुपचूप उतरवायला सुरुवात केली. वर्षअखेर लोकांनी गती मोजून हे उघडं पाडलं, तेव्हा कंपनीला माफी मागावी लागली आणि स्वस्तात बॅटरी बदलून द्याव्या लागल्या. फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला, अमेरिकेतल्या दाव्यात पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. तांत्रिक उपाय म्हणून त्या अपडेटमध्ये काही चूक नव्हती. बंद पडण्यापेक्षा हळू चालणं केव्हाही बरं. चूक लपवण्यात होती. ज्याला नुसती बॅटरी बदलून भागलं असतं, त्याने नवा फोन घेतला. सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दाखवणारा पडदा आयफोनवर आला तो या प्रकरणानंतर, २०१८मध्ये.

आता मोजणीकडे वळू. घड्याळ लावून ‘शंभरवरून शून्यावर यायला किती तास’ हे पाहणं ही सर्वांत सोपी चाचणी आणि सर्वांत फसवीही. तिच्यातून निकाल कळतो, कारण कळत नाही. प्रयोगशाळेत बॅटरी काढून ठेवतात आणि तिच्या जागी पॉवर मॉनिटर जोडतात. तो फोनला ठरावीक व्होल्टेज पुरवतो आणि सेकंदाला हजारो वेळा प्रवाह नोंदवतो. एवढ्या वेळा का? कारण झोपलेला फोन काही मिलिअँपिअरवर असतो आणि जागा होताच पापणी लवण्याच्या आत अँपिअरच्या वर जातो. साधा मल्टिमीटर या टोकांची सरासरी काढत बसतो आणि मधलं नाट्य आपल्याला दिसतच नाही.

दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसांना यातलं बरंचसं पुस्तकाशिवायच ठाऊक असतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चांगला कारागीर ‘बॅटरी उतरते’ या तक्रारीवर लगेच नवी बॅटरी गळ्यात मारत नाही. तो बोर्ड सप्लायला लावतो आणि पॉवरचं बटण दाबायच्या आधीच अँपिअरच्या आकड्याकडे बघतो. बटण दाबलेलं नसताना प्रवाह ओढला जात असेल तर बोर्डावर लीकेज आहे. बॅटरी बिचारी निर्दोष. मग कुठला भाग गरम होतोय ते बोटाने किंवा थर्मल कॅमेऱ्याने शोधायचं. ज्याला इंजिनिअरिंगच्या भाषेत निद्रावस्थेतला प्रवाह मोजणं म्हणतात, ते हेच. पदविकेच्या विद्यार्थ्यांनी अशा टेबलापाशी चार दिवस बसावं, असं मी मनापासून सुचवेन.

लहान उपकरणांत हा खेळ आणखी बारीक होतो, आणि मला स्वतःला सर्वांत रस आहे तो तिथेच. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा ब्लूटूथ टॅग घ्या, किंवा द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर. अशा ठिकाणी रोज चार्जिंगला लावायला कुणी जाणार नसतं. टॅगमध्ये बहुधा सीआर२०३२ हा बटण सेल असतो. नावातच त्याचं माप आहे, वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. क्षमता सुमारे २२० एमएएच. वर्षाचे तास ८७६०. भागाकार केला तर वर्षभर टिकण्यासाठी सरासरी प्रवाह फक्त २५ मायक्रोअँपिअर असायला हवा, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांश भागाच्या पंचवीसपट. रेडिओ तर चालू असताना सहज ८ मिलिअँपिअर घेतो. मग हे जमतं कसं? झोपून. समजा टॅग दर सेकंदाला पाच मिलिसेकंद जागा होऊन हाक देतो आणि बाकी वेळ दोन मायक्रोअँपिअरवर झोपतो. सरासरी येते ४२ मायक्रोअँपिअर, आयुष्य सुमारे सात महिने. हाक दर पाच सेकंदांनी दिली तर सरासरी दहावर येते आणि हिशेब अडीच वर्षांवर जातो. सेल तोच, चिप तीच, फक्त किती वेळा बोलायचं एवढं बदललं.

आता याच बोर्डावर एखादा विसरलेला दहा किलो-ओहमचा रोध धरा, ज्याचं एक टोक तीन व्होल्टला आणि दुसरं टोक झोपेतही जमिनीला जोडलेलं राहिलं. त्यातून ३०० मायक्रोअँपिअर वाहतात. अडीच वर्षांचं उपकरण महिन्याभरात मरतं. प्रोग्रॅममधली एक ओळ चुकली, पिन झोपण्याआधी योग्य अवस्थेत ठेवली नाही, एवढंच कारण. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, तापत नाही, आवाज करत नाही; ती फक्त मीटरवर सापडते. मीटरही जपून निवडावा लागतो. साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर पट्ट्यात आत शंभर ओहमच्या आसपास रोध असतो. टॅगने ८ मिलिअँपिअर मागितले की ०.८ व्होल्ट मीटरच खाऊन टाकतो, उपकरणाला उपाशी ठेवतो आणि ते रीसेट होतं. मोजणाऱ्यामुळेच मोजलं जाणारं बदललं. म्हणून पट्टा आपोआप बदलणारी उपकरणं लागतात. नॉर्डिक कंपनीचं छोटं पॉवर प्रोफायलर किट मायक्रोअँपिअरच्या अंशापासून एक अँपिअरपर्यंत मोजतं आणि विद्यार्थ्यांच्या गटाला मिळून परवडू शकतं. पुस्तकातले पुष्कळसे प्रयोग त्याच पद्धतीच्या साधनांवर बेतलेले आहेत.

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ १९८९पासून विकलं जातंय आणि त्याचा बटण सेल सात वर्षं चालतो. अॅपलचं पहिलं घड्याळ २०१५मध्ये आलं ते अठरा तासांच्या हमीने. मधल्या काळात घड्याळ हृदयाचे ठोके मोजायला, निरोप दाखवायला शिकलं, हे मान्य. तरी सात वर्षांवरून अठरा तासांवर आलेल्या वस्तूला सरसकट प्रगत म्हणताना जीभ जरा अडखळतेच.

फोनमध्ये उधळपट्टी करणारे भाग ओळखीचे आहेत: पडदा, रेडिओ आणि प्रोसेसर. पडद्याचा खर्च डोळ्यांसमोर असतो. रेडिओचा खर्च लपलेला असतो. मोबाइल डेटावर एखाद्या अॅपने किलोबाइटभर माहिती पाठवली, तरी पाठवून झाल्यावर रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या आशेने तो काही सेकंद जागाच राहतो. दर मिनिटाला चिमूटभर माहिती पाठवणारं अॅप म्हणून एकदम मोठी फाइल पाठवणाऱ्यापेक्षा जास्त बॅटरी खाऊ शकतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अभिनव पाठक, चार्ली हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये अॅपच्या आतला ऊर्जेचा खर्च बारकाईने मांडून दाखवला. त्यांनी तपासलेल्या मोफत अॅपमध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा जाहिरातींच्या जोडभागांवर जात होती. खेळ फुकट होता, जाहिरातदाराचं भाडं आपली बॅटरी भरत होती. मला हे संशोधन या क्षेत्रातलं सर्वांत बोलकं वाटतं, कारण त्याने प्रश्नाचा रोख बॅटरीवरून अॅपकडे वळवला.

त्यानंतरची सुधारणा मुख्यतः झोपेची आहे. २०१५च्या अँड्रॉइड मार्शमेलोमध्ये ‘डोझ’ आलं: फोन टेबलावर स्थिर पडलेला, पडदा बंद, चार्जरही नाही, अशा वेळी सगळ्या अॅपची किरकोळ कामं अडवून ठेवायची आणि ठरावीक अंतराने एकदाच दार उघडून सर्वांना एकत्र सोडायचं. कल्पना साधी आणि परिणाम मोठा. पण काही फोन कंपन्यांनी यावर कडी केली आणि मागे चालणारी अॅप सरसकट मारायला सुरुवात केली. चाचणीत बॅटरी छान टिकलेली दिसते. औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं अॅप मात्र रात्री मुकाट मेलेलं असतं. काम न करून वाचवलेली ऊर्जा ही बचत नव्हे. म्हणून चाचणी करताना उपकरणाने ठरलेलं काम पूर्ण केलं की नाही, याची नोंद तासांच्या शेजारीच ठेवायला हवी, हे पुस्तकात मी पुनःपुन्हा सांगितलं आहे. वाचकाला कंटाळा आला तरी चालेल.

लोकांच्या मनातल्या काही उपायांची मोजून काय अवस्था होते तेही पाहिलं पाहिजे. डार्क मोडचं उदाहरण घ्या. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, हे खरं. पण पर्ड्यूच्याच २०२१च्या अभ्यासात दिसलं की नेहमीच्या तीस ते पन्नास टक्के उजेडावर डार्क मोडने वाचतात सरासरी फक्त तीन ते नऊ टक्के; पूर्ण उजेडावर वाचतात एकोणचाळीस ते सत्तेचाळीस टक्के. म्हणजे घरात त्याचा उपयोग नावापुरता, उन्हात भरपूर. एलसीडी पडद्यावर मागचा दिवा जळतच असतो, तिथे काळ्या रंगाने जवळपास काहीच साधत नाही. अलीकडची अॅप अंगठ्याने भराभर वर सरकवून टाकायची सवय तर बहुतेक वेळा तोट्याची. तेच अॅप पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त कष्ट पडतात. आणि जाहिराती दाखवणारी ‘बॅटरी सेव्हर’ अॅप? त्यांच्याबद्दल वर जाहिरातींच्या खर्चाविषयी सांगितलं तेवढं पुरेसं आहे.

उलट, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो खर्च कमकुवत नेटवर्कचा. ४जी फोनचा रेडिओ जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॉट क्षमतेने बोलतो, टॉवर जवळ असेल तर त्याच्या हजाराव्या हिश्शातही भागतं. एसटी घाटात शिरली, कोकण रेल्वे बोगद्यामागून बोगदे ओलांडू लागली, की फोन ओरडून टॉवर शोधत राहतो आणि खिशात गरम होतो. अशा प्रवासात फ्लाइट मोड लावणं हा डझनभर टिप्सपेक्षा भारी उपाय. शहरातल्या प्रयोगशाळेत, वाय-फायवर, उजेड कमी ठेवून, एकच व्हिडिओ फिरवत काढलेले ‘बावीस तास’ या प्रवाशाच्या काय कामाचे?

याच कारणाने युरोपचा नवा नियम मला महत्त्वाचा वाटतो. २० जून २०२५पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं झालं. एका चार्जिंगमध्ये ठरावीक चाचणीनुसार किती तास, आणि क्षमता ऐंशी टक्क्यांवर येईपर्यंत किती चार्ज-फेरे, हे दोन्ही आकडे त्यावर छापावे लागतात. आठशे फेऱ्यांनंतर किमान ऐंशी टक्के क्षमता उरलीच पाहिजे. वर मांडलेले दोन्ही प्रश्न प्रथमच एका चिठ्ठीवर शेजारी आले. आपल्याकडे बॅटरीसाठी आयएस १६०४६ हा मानक बंधनकारक आहे, पण तो सुरक्षिततेचा. किती टिकेल याबद्दल तो बोलत नाही. भारतीय ग्राहकाला असं लेबल मिळायला हवं, आणि ती चाचणी पंचवीस नव्हे, चाळीस अंशांवर व्हायला हवी.

चाळीसचा आग्रह का, ते म्हातारपणाच्या प्रकरणात आहे. सेल कारखान्यात पहिल्यांदा भरला जातो तेव्हा ऋण बाजूच्या कार्बनच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या, पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो सेलचं रक्षण करतो, आणि पुढे हळूहळू जाड होत सेलमधलं लिथियम खातही राहतो. या खाण्याला दोन गोष्टी जोर देतात, उष्णता आणि भरलेपण. कॅडेक्स या कॅनडातल्या बॅटरी-चाचणी उपकरणांच्या कंपनीचे संस्थापक इसिडोर बुकमन यांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात नुसता ठेवून दिलेला सेल पंचवीस अंशांवर, चाळीस टक्के भरलेला असेल तर वर्षानंतर ९६ टक्के क्षमता राखतो. चाळीस अंशांवर, पूर्ण भरलेला असेल तर ६५ टक्के. सेल वापरला नव्हता, फक्त ठेवला होता. लिथियम-आयन सेल भरण्यासाठी नेहमी सांगितली जाणारी वरची मर्यादा ४५ अंशांची आहे. मे महिन्यात चंद्रपूरची नुसती हवाच दुपारी तिथे पोचते. दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन लावून, नकाशा आणि डेटा चालू ठेवून, वर पॉवर बँकेने चार्जिंग करत दिवसभर पार्सलं पोचवणारा मुलगा बॅटरीसाठी जगातली सर्वांत कठोर चाचणी रोज फुकट करून देतो. २०२१मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, तेव्हा फोन तापतात आणि अडकतात ही त्यांची ठळक तक्रार होती. कुठल्या उन्हात, किती तास, कुठलं अॅप चालणार, हे खरेदीआधी मोजायचे प्रश्न आहेत.

आयुष्याची चाचणी घेणं अवघड आहे ते वेळेमुळे. पाच वर्षं टिकेल की नाही हे पाहायला पाच वर्षं थांबता येत नाही. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांनी यावर सुरेख तोड काढली. प्रत्येक फेऱ्यात जितका भार आत गेला त्यापैकी किती परत आला, हे अतिशय काटेकोर मोजायचं. साधा हिशेब करून पाहा: दर फेऱ्यात ९९.९ टक्के टिकत असेल तर पाचशे फेऱ्यांनंतर साठ टक्केच उरतात, ९९.९९ टक्के असेल तर पंचाण्णव. दोन सेलमधला हा फरक दशांशाच्या पुढच्या एका नऊचा आहे, पण तो नीट मोजता आला तर वर्षांचं भाकीत काही आठवड्यांत करता येतं. डान यांच्या गटाने त्यासाठी चार्जरच नव्याने बांधले. उलट घाईच्या चाचण्या कशा फसवतात तेही आता दिसलं आहे: २०२४च्या अखेरीस स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की विजेच्या गाड्यांचे सेल एकसारख्या प्रवाहाने रिकामे करण्याऐवजी रस्त्यावरच्या थांबत-धावत पद्धतीने रिकामे केले, तर ते ३८ टक्क्यांपर्यंत जास्त जगतात.

गॅलक्सी नोट ७चं प्रकरण पुस्तकात स्वतंत्र आहे. ऑगस्ट २०१६मध्ये आलेला हा फोन पेट घेऊ लागला, परत मागवला गेला, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरी घालून दिला गेला आणि तरीही पेटला. सॅमसंगच्या सातशे अभियंत्यांनी दोन लाख फोन आणि तीस हजार सुट्या बॅटरी तपासल्या. दोन्ही बॅटरींचे दोष निरनिराळे निघाले. पहिलीत कोपऱ्याला जागा कमी पडून ऋण पट्टी मुडपली होती, दुसरीत वेल्डिंगचे कंगोरे आवरण भेदून आत गेले होते. तेवढ्याच जागेत आणखी थोडे एमएएच कोंबायची हौस कुठे नेते, ते त्यात दिसतं. आता ऋण बाजूला सिलिकॉन-कार्बन घालून सहा-सात हजार एमएएचचे सडपातळ फोन येत आहेत. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या कैक पट लिथियम धरतो, पण भरताना तिप्पट-चौपट फुगतो. म्हणून कार्बनमध्ये बांधून, बेताने वापरावा लागतो. तीन-चार वर्षांनी ते फोन काय म्हणतात, हे मोजायला मी उत्सुक आहे.

नव्या फोनला आधी आठ तास चार्जिंग करा, पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, हे सल्ले निकेलच्या बॅटरींच्या काळातले. लिथियमला त्यांचा उपयोग नाही. शून्यापर्यंत नेणं तर नुकसानीचंच. तरी वीस-ऐंशीच्या आकड्यांचं सोवळं पाळत बसावं, असंही मी म्हणणार नाही. बॅटरी आपल्यासाठी आहे. उशीखाली चार्जिंग नको, उन्हातल्या गाडीत फोन नको, रात्रभर लावायचाच तर ऐंशीची मर्यादा चालू ठेवावी. सामान्य वापरात एवढं पुष्कळ झालं.

पुस्तक ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने वाचावं असं नाही. ज्यांना सर्किटशी देणंघेणं नाही त्यांनी मधली मोजणीची प्रकरणं ओलांडून थेट म्हातारपणाकडे जावं. ज्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न आहे त्यांनी मात्र आधी सीआर२०३२चा हिशेब स्वतः करून पाहावा. आणि प्रयोग करणाऱ्या सर्वांना एक कळकळीची विनंती. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावून ‘चालते का’ म्हणून बघू नका, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. दाबली गेली की ती कचऱ्यात पेट घेते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अशी बॅटरी त्यांच्या सेवा केंद्रात नेऊन द्या.